डंबेल आणि सत्तरीपुढचा प्रतिसाद

माझ्या नवऱ्याने एआय सहाय्यकाला जाहिरातींची आकडेवारी जोडून दिली, तो प्रसंग मी पाहिलेला नाही. मी त्या वेळी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते. मी पाहिला तो केवळ परिणाम: संध्याकाळी दार उघडले तेव्हा हा नुकतेच लग्न ठरल्यासारखा हसत होता. (आमचे ठरले तेव्हा तो इतका हसला नव्हता.)

तो जाहिरात संस्थेत काम करतो; त्याच्याकडे डंबेल विकणाऱ्या एका कंपनीच्या जाहिराती होत्या आणि त्या चालत नव्हत्या. फरक पडला नाही तर डंबेलवाले दुसरीकडे जातील आणि त्यांच्यामागोमाग तूही, असे साहेबांनी त्याला हसत हसत सांगितले होते. साहेब हसले की आमच्या घरी घास उतरत नाही. म्हणून ही जोडणी. तिच्यासाठी मी दोन अटी घातल्या होत्या: सहाय्यकाने आकडे फक्त वाचावेत, बदलू नयेत, आणि ग्राहकांची नावे-पत्ते त्याला दिसू नयेत. नवऱ्याने दोन्ही पाळल्या. (लग्नानंतर प्रथमच.)

आता जाहिरात कोणी पाहिली, कोणी क्लिक केली, कोणी माल घेतला, हे साध्या भाषेत विचारावे आणि साध्या भाषेत उत्तर मिळावे, अशी सोय झाली. काही दिवसांनी उत्तर आले, की डंबेलांना सर्वाधिक प्रतिसाद आमच्याच भागातल्या सत्तरीपुढच्या महिलांचा असून तो रोज दुपारी उसळतो.

नवऱ्याने अहवाल माझ्यापुढे ठेवला. मी त्याचे आकडे तपासावेत आणि त्याने मला कॉफीच्या बरणीचे झाकण उघडून द्यावे, असा आमच्या घरचा जुना व्यवहार आहे. टक्केवारी बरोबर होती. बेरीज बरोबर होती. तळाशी सहाय्यकाने स्पष्ट लिहिले होते, की या गटातून खरेदी मात्र एकही झालेली नाही, तेव्हा कारण समजल्याशिवाय खर्च वाढवू नये. ती ओळ मी वाचली, वाक्यरचना निर्दोष असल्याचे सांगितले आणि अहवाल परत दिला. मला आकड्यांबद्दल विचारले होते, शहाणपणाबद्दल नव्हे.

मग गाडी उताराला लागली. नवऱ्याने डंबेलवाल्यांना हा दुर्लक्षित ग्राहकवर्ग पटवून दिला, त्यांनी खर्च वाढवला, साहेबांनी पाठ थोपटली. नवी जाहिरात निघाली: पांढऱ्या केसांची बाई दोन्ही हातांत डंबेल घेऊन धापा टाकणाऱ्या नातवाकडे तुच्छतेने पाहते आहे. प्रतिसाद दुप्पट झाला. खरेदी शून्यावर अढळ राहिली.

परीक्षा संपल्यामुळे एका दुपारी मी घरी होते. सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला, चष्मा लावला, फोनवर ती जाहिरात शोधून दाबली, लगेच बंद केली आणि वेळेवर गोळी घेतल्याच्या समाधानाने फोन उशीखाली सरकवला.

"आई, डंबेल घ्यायचेत का?"

"मला काय करायचेत? पोराची जाहिरात आहे. कुणी बघितली नाही की तोंड पाडून बसतो. बागेत सगळ्याजणींना सांगून ठेवलंय, चहा झाला की एकदा दाबायचं."

"सगळ्याजणी म्हणजे?"

"आमचा अख्खा बाक. समोरचा बाक. त्यांच्या बहिणी, विहिणी वेगळ्या."

प्रत्येक दाबण्यामागे डंबेलवाल्यांच्या खिशातून पैसे जातात, हे मी त्यांना शक्य तितक्या सौम्यपणे समजावले. त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, "आणि तू घरात आकडे शिकलेली बाई असून तुला कळलं नाही?"

आकडे बरोबरच होते, हे उत्तर माझ्या ओठांवर आले होते. मी ते गिळले.

संध्याकाळी नवऱ्याने सारे ऐकले आणि डोके धरले. आईंनी डंबेलवाल्यांशी स्वतः बोलायची तयारी दाखवली. त्याने घाईघाईने आपला फोन खिशात घातला. दुसऱ्या दिवशी त्याने जाऊन खरे काय ते सांगून टाकले. साहेब या वेळी हसले नाहीत, हे शुभलक्षण. डंबेलवाले मात्र इतके हसले म्हणे, की त्यांना पाणी द्यावे लागले. स्वतःच्या आईला पकडून देणारा माणूस आमचे पैसे बुडवणार नाही, असे म्हणून त्यांनी काम त्याच्याकडेच ठेवले. सत्तरीपुढचा खर्च तेवढा थांबवायला सांगितला.

दोन्ही बाकांवर बंदीहुकूम पोहोचला. पुढच्या अहवालात त्या गटाचा प्रतिसाद पार आडवा झाला होता. फक्त तळाशी एक नवी ओळ होती: या गटातून प्रथमच एक खरेदी, आपल्याच भागातून.

"कुणी घेतले?" नवऱ्याने सहाय्यकाला विचारले. नावे पाहण्याची परवानगी आपल्याला दिलेली नाही, असे नम्र उत्तर आले. नवऱ्याने माझ्याकडे पाहिले. आई म्हणाल्या, "बाकावर विचारून सांगते." अजून सांगितलेले नाही.

परवा कॉफीच्या बरणीशी माझी झटापट चालली होती. आईंनी फोनवर बोलता बोलताच ती माझ्या हातून घेतली, एका हिसक्यात झाकण उघडले आणि बरणी परत देऊन बोलत राहिल्या. एकाच निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, असे मी वर्षानुवर्षे शिकवत आले आहे; म्हणून मी काढलेला नाही. बरण्या मात्र हल्ली त्यांच्याकडेच नेते.