एकतीस डोळ्यांची यादी

माणसामाणसांत समता आणायला युगं लागतात. अक्षरांत ती एका बटणासरशी येते. म्हणूनच शहाणे लोक सुधारणेची सुरुवात अक्षरांपासून करतात आणि बहुधा तिथंच थांबतात.

डोळ्यांच्या त्या सरकारी इस्पितळात शस्त्रक्रियांची यादी करणाऱ्या बाईंना सगळे यादीताई म्हणत. गेली एकोणीस वर्षं त्या समान रुंदीच्या अक्षरात यादी टाइप करत होत्या. अक्षर दिसायला ओबडधोबड, पण वृत्तीने संत. दृष्टान्त द्यायचा तर धर्मशाळेचा: आलेला सडपातळ असो की ढेरपोट्या, प्रत्येकाला एकाच मापाची खोली. स्वल्पविरामाला पूर्ण खोली, आणि जिथं कुणीच उतरत नाही त्या मोकळ्या जागेलाही तेवढीच. (रिकामेपणाला इतका मान इस्पितळात दुसरीकडे फक्त वरिष्ठांच्या मजल्यावर मिळे.)

या समतेवरच ताईंचा सारा कारभार चाले. रेघा नाहीत, चौकटी नाहीत. नाव टाइप करायचं, मग ओठांत पुटपुटत मोकळ्या जागा मोजायच्या आणि पुढं ‘उजवा’ किंवा त्याच्याही पुढं ‘डावा’ या शब्दाखाली फुली मारायची. एकोणीस वर्षांत एक फुली इकडची तिकडे झाली नाही. डॉक्टर संगणकाच्या पडद्यावरची फुली बघत, मधोमध भोक असलेली हिरवी चादर रोग्याच्या तोंडावर टाकत आणि भोकातून जो डोळा दिसेल त्याचं कल्याण करत.

एवढं सुरळीत चाललेलं पाहून वरिष्ठांना काळजी वाटणं स्वाभाविक होतं. नवे संचालक आले. त्यांनी सौंदर्य-सल्लागार नेमला. सल्लागाराने यादी पाहून डोळे मिटले (हे शुल्कातच समाविष्ट होतं). परिपत्रक निघालं: ‘पडद्यावरील अक्षरे प्रवाही, प्रसन्न व नागरिकस्नेही असावीत.’ पाहणीत सत्त्याऐंशी टक्के लोकांना नवं अक्षर सुंदर वाटलं. पाहणी इस्पितळाच्या दारातच झाली होती. बहुतेकांना अक्षर दिसलं नव्हतं.

नव्या अक्षरात ज्याचं जेवढं अंग तेवढी त्याला जागा. मोकळ्या जागेला अंगच नाही, म्हणून तिच्या वाट्याला एक चिंचोळी फट आली. वरचे मथळे सल्लागाराने पक्के चिकटवले होते. खालच्या फुल्या मात्र सगळ्या नावांच्या दिशेने सरकल्या.

उद्याच्या यादीत एकतीस नावं. ज्या सोळा जणांचा उजवा डोळा बिघडला होता, त्यांच्या फुल्या थेट नावांत घुसल्या; डोळा कुठलाच नाही, म्हणजे ते बरे झाले. औषधावाचून एका दिवसात सोळा! इस्पितळाने तसा फलक लावला. डाव्या डोळ्याचे पंधरा. त्यांतल्या चौघांच्या फुल्या दोन मथळ्यांच्या मधे थांबल्या. त्यांना नाकाच्या इस्पितळात पाठवलं. उरलेल्या अकरा फुल्या ‘उजवा’खाली शिस्तीत उभ्या राहिल्या.

त्या अकरांत ताईंचे वडील होते. अप्पांच्या डाव्या डोळ्यावर पडदा आला होता. उजवा लख्ख. त्या एका डोळ्यावर ते पेपर वाचत आणि नातीच्या वेण्या घालत.

ताई धावत संचालकांकडे गेल्या.

“साहेब, फुल्या सरकल्यात. उद्या चांगल्या डोळ्यांवर सुरी चालेल. जुनं अक्षर लावा हो!”

“ताई, तुम्हाला बदलाची भीती वाटते. अहो, बघा तरी, किती मोकळं मोकळं दिसतंय.”

“चिकटलंय ते सगळं!”

“त्याला जवळीक म्हणतात.”

तरीही संचालक मनाने चांगले. त्यांनी उभ्या उभ्या समिती नेमली. अहवालाची मुदत तीन महिने. तोवर तात्पुरते दोन नियम. एक: यादी व डोळा यांत तफावत आढळल्यास यादी ग्राह्य धरावी. दोन: यादीची छेडछाड होऊ नये म्हणून एका कर्मचाऱ्यास दिवसाला एकच ओळ दुरुस्त करता येईल. यादीला हात लावणारा कर्मचारी इस्पितळात एकच होता.

ताई अप्पांच्या खाटेशी आल्या.

“अप्पा, तुम्ही डॉक्टरांना ठणकावून सांगा, डावा म्हणून.”

“सांगितलं की. ते म्हणाले, आजोबा, नीट दिसत नाही म्हणूनच आलात ना? मग यादीत चूक आहे हे तुम्हाला कसं दिसलं?”

“काय बाई तरी तर्कट!”

“बिनतोड आहे गं. मी गप्पच झालो.” अप्पांनी शेजारच्या खाटेकडे मान वळवली. “या सुतारबुवांचंही आपल्यासारखंच आहे. पाच लेकरं आहेत. दोघांचं करून टाक.”

“एकच ओळ मिळते, अप्पा.”

सुताराने हसून हात जोडले. “आधी बापाचं बघा, ताई. रीतच आहे ती.”

अप्पा ‘नको’ म्हणाले नाहीत.

ताई खाली आल्या. मोजण्याची विद्या आता निरुपयोगी होती. एकदा मोकळ्या जागेची पट्टी दाबायची, पडद्याकडे बघायचं, पुन्हा दाबायची. चौतिसाव्या वेळी फुली ‘डावा’खाली जाऊन उभी राहिली. त्यांनी हात जोडले, डोळे पुसले आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. पडद्यावर अक्षरं उमटली, अतिशय प्रसन्न: ‘आजची मर्यादा संपली.’

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी अप्पांचा डावा डोळा उघडला. समोर नात उभी होती. दोन्ही डोळ्यांनी बघत त्यांनी तिची वेणी घातली, आणि ताईंना हुंदका आवरला नाही.

इथं वाचकांचा जीव भांड्यात पडला असेल. पडायलाच हवा, आपण सहृदय माणसं. सुतारबुवांचं काय झालं ते विचारायचं मात्र आपल्याकडून राहून गेलं. त्याचा खेद मानू नये. एका वाचकाच्या हृदयातही एका वेळी एकच ओळ दुरुस्त होते, आणि त्यासाठी कुणाला परिपत्रक काढावं लागलेलं नाही.