अण्णा रस्ता ओलांडतात

आमच्या समोरच्या घरातले अण्णा रोज संध्याकाळी रस्ता ओलांडायचे आणि मधोमध आले की थांबायचे. तिथे एक पाऊल आडवं टाकायचे, रांगेत कुणाला जागा करून द्यावी तसं, आणि मग पुढे निघायचे. पलीकडच्या तळ्याकाठी बाकावर जरा टेकायचे. येताना पुन्हा तेच. अर्ध्यात थांबा, आडवं पाऊल, चला.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं! पण आमचं नोव्हाय हे डेट्रॉइटजवळचं, गाड्या डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरांचं गाव. तिथे पाय असतात ते ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दाबायला. रस्त्यावर चालणारा माणूस हीच मुळात बघण्यासारखी गोष्ट, त्यात हा माणूस पांढऱ्या लेंगा-सदऱ्यात, पायात मुलाने आणलेले भलेमोठे स्पोर्ट्स शूज. मी तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर आलेली. नोकरी करायला बंदी, गाडी चालवता येत नाही, आणि सिंकवरची खिडकी नेमकी त्या रस्त्यावर उघडणारी. भांडी घासता घासता मला अण्णांशिवाय दुसरं होतं काय बघायला?

अण्णा म्हणजे शिरीषचे वडील. शिरीष माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातला. अण्णांनी कराडजवळ हायवेला लागून असलेल्या एका गावात आयुष्यभर भूगोल शिकवला. काकू, म्हणजे शिरीषची आई, आदल्या वर्षी गेल्या, तेव्हा शिरीषने हट्टच धरला आणि दोन हजार चारच्या एप्रिलमध्ये त्यांना इकडे घेऊन आला.

अमेरिकेतल्या सगळ्या गोष्टींना लावायला अण्णांकडे एकच माप होतं. ‘बरं दिसतं का?’ जूनमध्ये रात्री नऊ वाजले तरी बाहेर लख्ख ऊन, आणि अण्णा जेवायला बसायला तयार नाहीत. दिवेलागण व्हायच्या आत रात्रीचं जेवायचं, बरं दिसतं का? सून बिचारी आमटी पुन्हा पुन्हा गरम करून कंटाळायची. दुकानातल्या काउंटरवरची मुलगी ‘हॅव अ नाइस डे’ म्हणाली की अण्णा पिशवी खाली ठेवून तिला दोन्ही हात जोडायचे. एवढा आशीर्वाद दिला पोरीने, तसंच निघून जायचं? मागे रांग खोळंबायची, पण अमेरिकन माणसं शहाणी, कुणी काही म्हणायचं नाही. एकदा शिरीषने महिनाभर वापरलेला राइस कुकर दुकानात परत नेला. दुकानदारानेही तो हसत परत घेतला. अण्णा मात्र लाजेने गाडीत जाऊन बसले, ते घरी येईपर्यंत बोलले नाहीत. महिनाभर त्याच्यात भात शिजवून खाल्ला आणि आता तो नको म्हणायचं!

रस्त्याचं वेडही असंच लागलं. आल्या आल्या एक दिवस ते नुसते कडेला उभे राहून गाड्या बघत होते. तेवढ्यात एक गाडी थांबली आणि आतल्या बाईंनी हात करून ‘जा’ म्हणून खुणावलं. अण्णांना कुठेही जायचं नव्हतं. पण एवढी मोठी गाडी आपल्यासाठी थांबली, आता नाही जायचं म्हणणं बरं दिसतं का? गेले पलीकडे. मग परत यायला वळले, तर सगळी घरं सारखीच, आपलं कुठलं ते आधी बघून घ्यावं म्हणून कडेलाच थबकले, आणि दुसरी गाडी थांबली. आले अलीकडे. जरा श्वास घ्यावा म्हटलं तर तिसरी थांबली. शेवटी सून बोलवायला गेली तेव्हा सुटका झाली. हा किस्सा आम्ही गणपतीच्या जेवणावळीत इतक्यांदा सांगितला की तो आता घासून गुळगुळीत झाला आहे.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण ते मधलं थांबणं काही कुणाच्या पचनी पडेना. त्यात भर म्हणजे चालताना अण्णा एक कोपर अंगापासून लांब काढून धरत. आधी डावं काढायचे, आणि मधोमध आडवं पाऊल टाकलं की उजवं. मग जूनच्या अखेरीस कधीतरी हे उलटं झालं. आता आधी उजवं, मग डावं. मी खिडकीतून बघायची आणि म्हणायची, मास्तर कसला तरी व्यायाम करतायत.

मग एका संध्याकाळी पोलिसांची गाडी शिरीषच्या दारात उभी राहिली. कुणीतरी फोन केला होता, एक म्हातारे गृहस्थ भर रस्त्यात थांबतात, वाट चुकले असावेत. पोलीस फार अदबीने अण्णांना घरी सोडायला आला होता. अण्णा खूश! त्याला चहा घेतल्याशिवाय सोडायला तयार नव्हते. शिरीषचा चेहरा मात्र पांढरा पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जायच्या आधी तो माझ्या दाराशी आला. अण्णांच्या डोक्यात काहीतरी बिघडतंय, अशी भीती त्याला बसली होती. डॉक्टरची अपॉइंटमेंट घेऊन झाली होती आणि एकट्याने घराबाहेर पडायचं नाही, असं अण्णांना बजावूनही झालं होतं. “तिकडे एकटे कसे राहतील? आणि इथे दिवसभर कोंडून कसा ठेवू गं?” एवढं बोलून तो दुसरीकडेच बघायला लागला. तू दिवसभर घरी असतेस, जरा अंदाज घे, म्हणाला. दिवसभर घरी असणं एरवी मला टोचायचं. त्या दिवशी मात्र मी लगेच हो म्हटलं.

संध्याकाळी वाटीत शिरा घेऊन गेले, तर अण्णा खिडकीशी बसून रस्त्याकडे बघत होते. शिऱ्याला हात लावला नाही. मी म्हटलं, एकट्याने जायचं नाही ना, मग चला, मी येते. पायात बूट चढवायला त्यांना जराही वेळ लागला नाही.

कडेला उभे राहिलो, गाडी थांबली. मी सवयीने त्यांच्या उजव्या हाताला गेले. अण्णांनी हलकेच मला थांबवलं. “तिथं नको पोरी. मागनं ये माझ्या.” मी मागून निघाले. उजवं कोपर बाहेर, मधोमध थांबा, आडवं पाऊल, डावं कोपर बाहेर. बाकावर बसल्यावर मी सरळच विचारलं, अण्णा, हे काय असतं?



“तुझ्या काकूला रस्त्याची लई भीती,” ते म्हणाले. “आमचं घर हायवेच्या अल्याड, बाजार पल्याड. माझं कोपर धरायची आणि डोळे मिटून घ्यायची. गाड्या ज्या अंगानं येतील त्या अंगाला मी. अर्ध्यात गेलं की गाड्या दुसरीकडनं येतात, मग मी तिकडं सरकायचं आणि ती इकडं. सगळा जन्म असाच ओलांडला बघ.”

काकूंचा पासपोर्टही काढून झाला होता, हे मला माहीत होतं. शिरीषने तेव्हा दोन तिकिटांची चौकशी केली होती.

“इथं लेंगा घातलेल्या माणसाला बघून एवढाल्या गाड्या थांबतात. डोळे उघडे ठेवून चालली असती ती. असला रस्ता मी एकट्यानंच ओलांडायचा? बरं दिसतं का?”

अण्णा पुढे बोलले, पण आता आवाज उतरला होता.

“आणि मी कसला भूगोलाचा मास्तर गं! इथं गाड्या उलट्या बाजूनं चालतात, ध्यानातच आलं नाही. आल्यापासनं दोन महिने आपल्या तिकडच्या हिशेबानं चालत राहिलो. दोन महिने तिला गाड्यांच्या अंगाला ठेवली मी.”

त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. माझेही भरून आले होते. परत येताना मी आपणहून मागे राहिले.

शिरीष ऑफिसातून आला तसं त्याला दारातच सगळं सांगितलं. लॅपटॉपची बॅग खांद्यावर तशीच ठेवून तो ऐकत राहिला. डोक्यात काही बिघडलेलं नाही, म्हटलं, उलट तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त ध्यानात आहे त्यांच्या. तो नुसती मान हलवून आत गेला. अपॉइंटमेंट कॅन्सल केल्याचं नंतर त्याच्या बायकोकडून कळलं.

दुसऱ्या दिवशी शिरीषची गाडी लवकर दारात लागली. मी सिंकपाशीच होते. थोड्या वेळाने दोघं बाहेर आले, अण्णा लेंगा-सदऱ्यात आणि शिरीष ऑफिसच्या कपड्यांत. रस्त्याच्या कडेला उभे राहिले. शिरीष डावीकडे, गाड्यांच्या बाजूला. त्याच्या शेजारी अण्णा, उजवं कोपर बाहेर काढून.

एक गाडी थांबली. दोघं निघाले आणि मधोमध आल्यावर दोघंही थांबले. अण्णांनी आडवं पाऊल टाकलं. शिरीष मागून फिरून त्यांच्या पलीकडच्या बाजूला आला. वळसा त्याने जरा मोठाच घेतला. आईला धक्का लागायला नको होता.