तपासणीच्या बरणीतली खीर

हे मी सांगणार नव्हतो. पण माझी मुलगी योकास्ता न्हाव्याच्या दुकानापासून चर्चच्या पायरीपर्यंत सांगत सुटलीय, तेही चुकीचं. आता पाद्रीसुद्धा मला बघून खोकल्याचं सोंग करतो. म्हणून लिहायला बसलोय, नाइलाजाने.

अडतीस वर्षं मी साखर कारखान्यात पाक शिजवला. (पगार बेताचा, चाटण फुकट.) आता डॉक्टर म्हणतो, साखर खाऊन खाऊन माझं अंग इन्सुलिनचं ऐकेनासं झालंय. शिवाय मूत्रपिंडांवर टोप्यांसारख्या दोन ग्रंथी असतात, त्या म्हणे घाबरून ताणाचा कसलासा रस जास्त सोडत असतील, आणि त्या रसाने साखर आणखी चढते. म्हणजे दोघं एकमेकांना चिथावतात, योकास्ता आणि तिच्या नवऱ्यासारखे. खात्री करायला सबंध दिवसाची लघवी बरणीत साठवून फ्रीजमध्ये ठेवा म्हणाला. प्रयोगशाळेने दोन तपकिरी बरण्या दिल्या. एक पुरली नाही तर दुसरी. (माझ्याबद्दल लोकांना मोठ्या अपेक्षा.)

नेमके ईस्टरआधीचे दिवस. या दिवसांत आमच्याकडे घरोघर राजम्याची गोड खीर शिजते आणि शेजारीपाजारी वाटली जाते. नारळाचं दूध, रताळं, दालचिनी. माझी बायको ओनेलिया लवंग जरा जास्तच घालायची आणि तळाला किंचित लागू द्यायची. मुद्दाम लावते म्हणायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली. तो हात आता फक्त तिच्या बहिणीचा, देयानिराचा. ती बानी गावाहून बसने आली, पातेलं चढवलं, आणि ढवळता ढवळता म्हणाली की गुडघे संपले, पुढच्या वर्षी वाट बघू नका.

म्हणजे ही शेवटची. योकास्ताने ती सगळ्या गल्लीत वाटली आणि बापाला चमचाही दिला नाही. मी देयानिराच्या हातापाया पडलो. तिने हळूच पातेल्याच्या तळातली काढून दिली, लागलेल्या खरपुडीसकट.

लपवायची कुठे? फ्रीजमध्ये योकास्ता एकच वस्तू उघडत नव्हती. मी रिकाम्या बरणीत खीर ओतली, भरलेल्या बरणीशेजारी ठेवली, आणि कुणी चुकूनही हात लावू नये म्हणून तिच्यावर कागद चिकटवून माझं नाव लिहिलं. नाव मी झोकात लिहितो. खऱ्या बरणीवर काही लिहिलं नाही. ती कोण चोरतंय?

सकाळी योकास्ता प्रयोगशाळेत गेली. घर रिकामं. मी ओनेलियाच्या खुर्चीत बसलो, वाटी घेतली, देवाचं नाव घेतलं, माझं आहे का ते बघितलं नाही, आणि बरणी उघडली.

वासाचं लिहीत नाही, तुम्ही कदाचित जेवत असाल. योकास्ताने नाव बघून खिरीची बरणी नेली होती.

ती बरणी मांडीवर धरून मी भाड्याच्या मोटारसायकलवर बसलो. चालवणाऱ्याने खाऊ आहे का विचारलं. मी त्याला गप्प गाडी हाक म्हणालो. प्रयोगशाळेत पोचलो तर आत तपासणारी बाई, वॉचमन आणि डॉक्टर गोल करून उभे. डॉक्टरच्या हातात चमचा.

"लवंग जरा जास्त झालीय," तो म्हणाला.

"ती तेवढीच असते," मी म्हणालो.

"काका, एवढं तुम्ही खाल्लं असतंत तर तुम्हाला उचलून आणावं लागलं असतं."

"मग तुम्ही कशाला खाल्लंत?"

"झाकण उघडलं आणि वास आला. माझी आजी अशीच करायची."

मी विचारलं, उरलीय का. त्याने बरणी तिरकी करून दाखवली. बाजूला दालचिनीची एक काडी चिकटली होती. मी नाक आत घातलं. दोन क्षण ओनेलिया स्वयंपाकघरात होती. मग त्या बाईने बरणी धुवायला नेली.

ग्रंथी ठीक निघाल्या. देयानिराचा फोन आला, कशी झाली होती विचारत होती. अगदी ओनेलियासारखी, म्हणालो.

डॉक्टरने योकास्ताकडून देयानिराची कृती लिहून घेतली. गुड फ्रायडेला त्याच्या घरी मोठं पातेलं चढलं, सगळ्या गल्लीला खीर वाटली. आमच्याकडेही एक डबा आला. झाकणावर चिठ्ठी: "काकांना देऊ नये." खाली सही आणि शिक्का. अजून माफी मागितलेली नाही त्याने. नाव लिहून ठेवतो, झोकात: डॉक्टर फाउस्तो पेगेरो.