न लागणारा साबण

कातडी ही ज्याची त्याची खासगी बाब असली, तरी खाज ही सार्वजनिक बाब आहे, हे तत्त्व सर्व सुधारलेल्या राष्ट्रांनी मान्य केले आहे. रेवदंड्याने ते १९५८ साली मान्य केले. त्याआधी इथली माणसे आपापली खाजवत असत (कोणाच्याही मंजुरीशिवाय).

गावात नीराबाई नावाची कोळीण होती. मासळी खारवून सुकवायची, त्यावर पोरांची पोटे. तिच्या दोन्ही हातांना इसब. मीठ झोंबले की जीव जाई, पण हात थांबले तर चूल थांबे. तेव्हा वाडीतल्या अनुसूयावहिनींनी घरच्या खोबरेलाचा साबण केला, महिनाभर फळीवर मुरवला आणि तिला एक वडी दिली. नीराबाईने हात धुतले नि म्हणाली, "लागत न्हाय ओ." म्हणजे झोंबत नाही. चिरा भरू लागल्या, बाई कामाला लागली.

गोष्ट एवढ्यावरच थांबू दिली असती, तर देश पुढे कसा जायचा? आम्ही सौम्य साबण समिती काढली. अध्यक्ष विश्वंभरपंत, वहिनींचे थोरले दीर आणि निवृत्त अव्वल कारकून. त्यांना साबणाची काडीची माहिती नव्हती, त्यामुळे पूर्वग्रहही नव्हता. चिटणीस मी. वहिनींची कढई, साचे आणि उरलेल्या वड्या समितीने राष्ट्रकार्यासाठी ताब्यात घेतल्या. वहिनींना टाळ्या दिल्या.

पंतांनी नियम केला : "हा साबण कोणालाही लागता कामा नये." भाषा शुद्ध, अर्थ स्पष्ट. अलिबागहून तपासनीस आले, त्यांनी नियम वाचला आणि विचारले, "मग लोकांच्या हाताला लागू नये म्हणून काय व्यवस्था केलीत?"

पंत ओशाळले. काहीच केली नव्हती. त्याच दिवशी वड्या काचेच्या कपाटात गेल्या आणि कपाटाला कुलूप लागले (कुलूप लागलेले नियमात बसते).

पुढे नीराबाईची वडी संपली. बोटे पुन्हा चिरली, तशी ती सभेत येऊन उभी राहिली. "पंत, मना साबण लागतो."

"लागतो?" पंतांनी खात्री करून घेतली.

"लागतो तर. रोज लागतो."

इतकी गंभीर तक्रार समितीपुढे कधी आली नव्हती. वहिनी दारातून म्हणाल्या, "भावजी, तिला साबण हवाय. झोंबतो असं कुठं म्हणाली ती?" हे आम्ही 'बायकांचे आपसातील मतभेद' या सदरात नोंदवले.

साबण आणखी सौम्य करायचे ठरले. जुन्या वड्या खाडीत बुडवल्या (माशांची तक्रार नाही). नव्या साबणातून आधी कॉस्टिक सोडा काढला. मग तेल आळेना, म्हणून तेल काढले. पाणी राहिले, पण विहिरीचे पाणी मचूळ, एखाद्याला सोसले नाही तर काय घ्या, म्हणून तेही गेले. राहिले वेष्टन. ते मात्र फार सुरेख होते. पहिले वेष्टन नीराबाईला समारंभाने देण्यात आले.

तिने ते उलगडून पाहिले. "ह्यात काय न्हाय."

"म्हणून तर लागत नाही," पंतांनी प्रेमाने समजावले.

नंतर आम्ही घरोघर पाहणी केली. प्रश्न एकच : साबण लागतो का? तीनशे बारा घरांपैकी तीनशे बारा घरांचे उत्तर 'नाही' आले (नीराबाईचे दार बंद होते, ते 'नाही'त धरले). शंभर टक्के यश. जिल्ह्यात आमचे कौतुक झाले आणि खरजेवरही समिती नेमावी, अशी सूचना आली.

दार बंद होते, कारण हात चालेनासे झाल्यावर नीराबाई पोरांना घेऊन उरणला भावाच्या दारी गेली होती. अहवालात याला जागा नव्हती. तुम्हांला मात्र मी कंसात का होईना, सांगितले होते. वाचकहो, दार का बंद होते हे तुम्ही थांबून विचारले नाहीत, गालातल्या गालात हसत पुढच्या ओळीवर गेलात. खरजेच्या समितीत एक जागा रिकामी आहे. तुमचे नाव मी सुचवले आहे.