नामदेव भाऊजींचं नख

आमच्या नामदेव भाऊजींच्या डाव्या अंगठ्याचं नख चांगलं पाऊण इंच वाढलेलं आणि हळदीसारखं पिवळं होतं. ते फक्त संत्रं सोलायला. त्यांच्या बगीच्यात आलेल्या माणसाला स्वतःच्या हातानं संत्रं सोलायची मुभाच नव्हती. आपण फळ उचललं की आलेच.

"रस उडवशीन वं वैनी, आण इकडे."

मग देठाकडून नख घालायचे, साल एका तुकड्यात काढायचे, फोडींवरची पांढरी शीर न् शीर ओढायचे आणि संत्रं फुलासारखं उघडून आपल्या तळहातावर ठेवायचे. त्यानंतर आपल्या तोंडाकडे बघत बसायचे. "कसं हाये?" गोड म्हटल्याशिवाय सुटका नाही.

भाऊजी म्हणजे आमच्या यांचे मावसभाऊ. बगीचा हिंगण्याच्या पलीकडे. मूलबाळ नाही, आणि त्यांची बायको विमल लवकर गेली.

माझं धंतोलीच्या दवाखान्यात पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा माहेरचं कोणीच उरलेलं नव्हतं. भाऊजी मात्र एक दिवसाआड बस पकडून पिशवी घेऊन हजर. मला डॉक्टरांनी दिवसाला एक संत्रं सांगितलेलं. बाकीची त्यांनी खाटेखाटेला जाऊन सोलली. सिस्टर रागवायला आली, ती दोन खाऊन गेली. त्या दिवसांत मला एकटं वाटू दिलं नाही, ते त्या पिवळ्या नखानं. हे मी कशी विसरू?

तर मी बरी झाले त्या वर्षीची, म्हणजे सत्तर-एक्काहत्तरची गोष्ट. फळांची तोड संपत आली की तिकडे संत्र्यांचा मेळावा भरायचा. प्रत्येकानं बारा फळांचं ताट मांडायचं. परीक्षक एक फळ चाखणार, बाकी अकरा निकालापर्यंत ताटात राहिली पाहिजेत. ज्याचा पहिला नंबर, त्याचं नाव भोंग्यावर. भाऊजींनी ताटापुढच्या कार्डावर लिहिलं होतं, 'विमलबाई नामदेव'.

"तुमचं नाव काहून नाही, भाऊजी?"

"झाड तिचं हाये. जंबेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधून कलम तिनं केलं होतं, म्या निरं पाणी देल्लं. एकदा तिचं नाव भोंग्यावर येऊ दे, बस. मले दुसरं काही नाई पाहिजे."

परीक्षक आले आणि त्यांनी खिशातून चाकू काढला.

"साहेब, लिंबू कापून राहिले काय?" भाऊजींनी फळ हातातून घेतलं. सोललं, तळहातावर ठेवलं. साहेबांनी खाल्लं, मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात बाजूच्या टेबलावरचा म्हातारा म्हणाला, "आमाले बी चाखू द्या ना जी." झालं. भाऊजींचा अंगठा निघाला. मागून दोन बाया आल्या, मग त्यांच्या नणंदा.

"भाऊजी, पुरे. नंबर जाईल."

"एकच तर देऊन राहिलो वं."

समितीवाले निकाल लिहायला आले, तेव्हा ताटात एक संत्रं होतं. त्यांनी कार्डावर काट मारली.

भाऊजी खोक्यावर बसले. पायाशी सालपटांचा ढीग. इतक्यात निंबाच्या झाडावरचा भोंगा खरखरला.

"विमलबाई नामदेव, विमलबाई नामदेव. आपल्या टेबलासमोर सालपटांचा कचरा झाला आहे. आपल्या माणसांनी तो ताबडतोब उचलावा."

लोक हसले. मी शरमून खाली वाकले.

"थांब वं वैनी." भाऊजींनी टोपी काढून हातात घेतली होती आणि ते वर भोंग्याकडे बघत होते. "राहू दे. अजून एक बार घेऊ दे तिचं नाव."

दुसऱ्यांदा नाव आलं, जरा चिडून. मी सरळ उभी राहिले. ताटातलं शेवटचं संत्रं घेतलं आणि माझ्या बोथट नखांनी सोललं. रस त्यांच्या सदऱ्यावर उडाला, सालीचे दहा तुकडे झाले. ते मी तिथंच, ढिगावर टाकले. अर्ध्या फोडी त्यांच्या हातावर ठेवल्या, शिरांसकट.

तिसऱ्यांदा नाव येईपर्यंत आम्ही दोघं खात बसलो. कसं आहे, ते मात्र त्यांनी विचारलं नाही.