बुरुजावरच्या भुताची दुरुस्ती

आमच्या शेजारचे मल्लिनाथअण्णा भुतांच्या चुका काढतात. भूत असतं का नसतं, हा त्यांचा वादच नाही. आहे म्हणता ना, मग नीट सांगा, एवढंच त्यांचं म्हणणं. तीही सगळी भुतं नाहीत. कोकणात समुद्रकाठी एक ओसाड किल्ला आहे, फक्त तिथली. इथं सोलापुरात नळाला पाणी येईना, आणि ह्यांचा जीव समुद्रात अडकलेला!

मी शाळेत मराठी शिकवते, हा माझा गुन्हा. रविवारी भाकरी थापायला घेतली की अण्णा मोबाइल नाचवत दारात हजर. "टीचर, दुरुस्ती लिवा की!" बसा म्हटलं तर बसतील ती शपथ. चहा उभ्यानं, तोही अर्धा, आणि तेवढ्यात दोनदा जिन्यापर्यंत येरझार. त्यांच्याकडं बघता बघता माझी भाकरी करपते.

गाव मैंदर्गी, कर्नाटकाच्या सीमेवरचं, पण तरुणपणी अण्णा त्या किल्ल्यावर सरकारी पहारेकरी होते. सहा वर्षं. कुठली तोफ कुठून आली, गोड्या पाण्याचं टाकं कुणी खोदलं, वेढ्यात दाणागोटा कुठल्या चोरवाटेनं आत आला, सगळं तोंडपाठ. त्यात एक तरुण ह्या किल्ल्यावर भुताखेतांचे व्हिडिओ करतो. पुण्याचा असावा, फार आत्मविश्वासानं बोलतो. त्याच्या व्हिडिओखाली अण्णांच्या नावानं मी आजवर अकरा दुरुस्त्या लिहिल्यात.

"मुंडकं नसलेला गोलंदाज पावसात तटावरून फिरतो," असं तो म्हणाला तेव्हा अण्णा खो खो हसले. "घोंगडं पांघरलेला मी हाय त्यो! लई पाऊस वो तितं, मुंडकं भायेर काढायची सोय न्हाय." टाक्यात साखळदंड वाजतात म्हणे. "आमच्या बादलीची साखळी ती. लिवा."

तिसऱ्या भुताला मात्र अण्णा हसत नाहीत. तिथं त्यांचं डोकंच फिरतं. गोष्ट अशी की, गोऱ्या साहेबांच्या अमलात किल्ल्यावर बॅरी नावाचा कप्तान होता. एका देशी बाईचा त्याच्यावर जीव जडला. तो गलबतात बसून गेला तो परत आलाच नाही. म्हणून मध्यरात्री ती पांढरी साडी नेसून, हातात दिवा घेऊन बुरुजावर येते आणि "बॅरी... बॅरी..." म्हणून ओरडते. काठच्या गावातल्या म्हाताऱ्यांनी ती हाक ऐकलीय.

"साफ खोटं!" अण्णा ओरडले. "मध्यरात्री न्हाय, दुपारी बाराला. पांढरी साडी न्हाय, हिरवं इरकल. आन दिवा कुटला? हातात उलथणं हुतं!"

"भूत काय भाकऱ्या भाजतंय का, अण्णा?"

ते माझ्याकडं असे बघत राहिले की मी गपचूप 'उलथणं' लिहिलं.

गेल्या रविवारी त्या तरुणाचं उत्तर आलं. 'आजोबा, पुरावा असेल तर द्या. उगाच खुसपटं काढू नका.' मी वाचून दाखवलं. अण्णा गॅलरीत गेले, परत आले, जिन्यापर्यंत जाऊन पुन्हा आले. आणि पहिल्यांदाच माझ्या घरात खुर्चीवर बसले.

"पुरावा कुटनं आणू? शांतव्वा जाऊन चार वर्सं झाली की."

शांतव्वा म्हणजे त्यांची बायको. मी ह्या गल्लीत आले ती त्यांच्या माघारी, त्यांना मी पाहिलेलंही नाही.

"नाव शांतव्वा, पन आवाज! मी खाली खडकावर जहाजं बगत बसायचा. सैपाक झाला की ती बुरुजावर यायची, आन 'उण्णाक बर्री' म्हणून हाक मारायची. जेवाया या. पयला शब्द वाऱ्यात उडून जायचा, 'बर्री' तेवढं गावापतूर जायचं. तिला मराठी येत नव्हतं, गावाला कन्नड येत नव्हतं. सा वर्सं माझ्याबिगर कुणाशी बोलली न्हाय वो ती. आन हे म्हणत्यात बॅरी! कोण बॅरी? माझ्या बायकूला कुण्या गोऱ्याच्या गळ्यात बांदता व्हय रे?"

मला हसू फुटलं, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. इतके रविवार मी एका माणसाच्या बायकोची चेष्टा करत होते. मग मी सगळं सविस्तर लिहिलं, अगदी मन लावून. तासाभरात त्या पोराचं उत्तर आलं. 'माफ करा आजोबा, मला खरंच माहीत नव्हतं. आजच व्हिडिओ काढून टाकतो.'

जिंकलो, असं मला वाटलं. अण्णा मात्र ताडकन उठले.

"काढू नको म्हणावं! टीचर, आदी लिवा, काढू नको!"

"अहो, पण ते बॅरी?"

"असू द्या की." त्यांनी व्हिडिओ शेवटाकडं सरकवला. सहलीला आलेली पोरंपोरी त्या बुरुजावर उभी राहून गमतीनं समुद्राकडं 'बॅरी, बॅरी' ओरडतात, तो भाग. मी तो कधी धड बघितलाच नव्हता. "घरात आता कन्नडमदनं हाक मारणारं कोन हाय? लेकरं फोनवर मराठीच बोलत्यात. ही पोरं तरी बोलवत्यात की."

माझ्या मोबाइलवरून 'काढू नका' असं लिहून पाठवलं आणि मी मान वर केली. अण्णा मोबाइल कानाला लावून दारात उभे होते. वारा घोंघावत होता, पोरं ओरडत होती, आणि त्या वाऱ्यात खरोखर 'बर्रीऽऽ'च ऐकू येत होतं. एकेका हाकेला अण्णा हळू आवाजात, घाईघाईनं कन्नडमधून उत्तर देत होते, "बंदे... बंदे..."

आलो, आलो.