शेवड्यांच्या गॅलरीतला वैशाख

शाल्मली शेवडेने संगणकात नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि तिच्या खोलीत वैशाख लागला. बाहेर, म्हणजे उरलेल्या नाशकात, पौष चालू होता.

याचं कुणाला फारसं नवल वाटलं नाही. कार्ड होतंच तसं दांडगं. गेममधल्या रानातलं पान न् पान वेगळं हलवायचं म्हटल्यावर ते तापणारच. आधीच्या कार्डाची मजल फाल्गुनापर्यंत जायची, हे थेट वैशाखात गेलं. सोसायटीतल्या बायका ओल्या कुरडया घेऊन आल्या आणि वाळलेल्या घेऊन गेल्या.

शाल्मलीचे वडील दिगंबरराव मात्र देवच पावल्यासारखे खूश झाले. होणारा जावई निनाद बोटीवर नोकरीला. बोट सुटणार पौषात, परतणार वर्षाने. आणि पौषात लग्न कोण लावतो? त्यांनी अग्निहोत्री गुरुजींना बोलावलं. गुरुजी खोलीत शिरले, घाम पुसला, पंचांग उघडलं.

"वैशाखच आहे. उद्या सकाळी उत्तम मुहूर्त. पण खेळ चालू ठेवा. यंत्र निवलं की महिना उतरला."

"आणि उतरला तर?"

"तर जावई बोटीवर आणि मुलगी तुमच्या घरी. पुढचं पुढच्या वर्षी."

दिगंबररावांनी शाल्मलीला रात्रभर खेळायला बसवलं. मुलीला असं सांगणारा बाप विरळा, पण वेळच तशी होती.

सकाळी वऱ्हाड आलं. पुढे निनादच्या मंदाकिनीआत्या, हातात भलंथोरलं खोकं.

"सुनेला आहेर," आत्या म्हणाल्या. "संगणक पाण्याने गार करायचं यंत्र. दुकानदार म्हणाला, याहून नवीन अजून निघालं नाही. आत्ता बसवा. मला बघायचंय."

"बाबा, हे लावलं तर वैशाख जाईल," शाल्मली कुजबुजली.

"न लावलं तर वऱ्हाड जाईल," दिगंबरराव म्हणाले.

आत्यांचे कान तिखट. "नको असेल तर स्पष्ट सांगा हो! मी गाडीत जाऊन बसते. मागच्या लग्नातही बसले होते. जेवणाचं ताट खाली आणावं लागलं होतं."

वरपक्षाचा आहेर परत करणारा वधूपिता अजून जन्माला यायचाय. शाल्मलीने शालूचा पदर खोचला, मुंडावळ्या मागे टाकल्या आणि स्क्रू पिळले. यंत्राला दोन लांब नळ्या आणि पंख्यांची मोठी चौकट होती. चौकट संगणकाच्या डब्यात मावेना, म्हणून तिने ती गॅलरीत टांगली आणि दार लोटून घेतलं.

खोली उतरायला लागली. चैत्र आला, गेला. फाल्गुनात वऱ्हाडी अंग चोरून बसले, माघात त्यांनी स्वेटर मागितले. शेवटी गुरुजींनी पंचांग मिटलं. "पौष," ते म्हणाले. "माझा इलाज नाही."

निनाद हातातल्या हाराकडे बघत राहिला. शाल्मलीचा चेहरा पडला. चारचौघांत रडू नये म्हणून दिगंबरराव गॅलरीत गेले आणि डोळ्यांआधी त्यांचं कपाळच गळायला लागलं. पंख्यांतून अशी झळ येत होती की वाळत घातलेला पंचा कडक झाला होता. वैशाख गेला नव्हता. नळ्यांतून वाहत इथे येऊन बसला होता.

"गुरुजी!" ते ओरडले. "बाहेर या! चपला घालून या, फरशी पोळते!"

गुरुजींनी गॅलरीत उभं राहून शहानिशा केली. "लागतो मुहूर्त," म्हणाले. "पण इथे मावणार किती?"

वॉशिंग मशीन धरून चौघं मावली. वऱ्हाड पौषातच थांबलं. अक्षतांचं काय, अशी शंका निघाली. गुरुजी म्हणाले, "उंबऱ्यावरून टाका. अक्षतांना टाकणाऱ्याचा महिना लागत नाही, पडतात तिथला लागतो."

आता खेळायचं कोणी? नवरी तर अंतरपाटाआड.

"आत्याबाई," दिगंबरराव हात जोडून म्हणाले, "आहेर तुमचा, मानही तुमचाच."

मान म्हटल्यावर आत्या बसल्या. चालायची कळ कुठली, तलवारीची कुठली, ते शाल्मलीने गॅलरीतूनच सांगितलं. पहिलं मंगलाष्टक संपेपर्यंत आत्यांचा हात बसला. "मेल्या, मागून येतोस!" असा आवाज येत होता आणि बाहेर ऊन चढत होतं.

शेवटच्या मंगलाष्टकाला एकदम गारवा आला. "चैत्र!" गुरुजी दचकले. "चैत्रात लावत नाही मी!"

"आत्या, थांबलात का?" निनाद ओरडला.

"अरे, समोर कोणी परका आलाय. कुठला, कोणाचा, विचारायला नको?"

"आधी मारा, आत्या!" अंतरपाटाआडून शाल्मली किंचाळली. "चौकशी मागून करा!"

आत्यांनी मारला. गॅलरी परत तापली. गुरुजींनी 'सावधान' म्हटलं, अक्षता पौषातून उडाल्या आणि वैशाखात पडल्या. हार पडले, वाजंत्री वाजली. दिगंबररावांनी जो श्वास सोडला, त्याने बाजूला धरलेला अंतरपाट हलला.

मग नवरा-नवरी खोलीत आली तेव्हा कुणी चिकित्सक म्हणालाच, "पण इकडे पौष आहे. म्हणजे यांचं लग्न अजून व्हायचंय."

"व्हायचंय की," गुरुजी म्हणाले. "पण लागून गेलंय. जेवायला चला."

रात्री निनादची बोट होती आणि बंदर लांब, म्हणून दुपारीच निघायचं होतं. शाल्मली त्याला बंदरापर्यंत सोडायला निघाली, बायको म्हणून. वऱ्हाड निघालं. आत्या उठल्या नाहीत. "तुम्ही व्हा पुढे. एक राक्षस राहिलाय."

दिगंबररावांनी फेटा काढला, गॅलरीत चटई टाकली आणि आडवे झाले. पौषातल्या माणसांनी त्यांना उठवलं नाही. वैशाखात दुपारची झोप लागतेच.